मदत हवी आहे: पवनचक्कीमुळे घराचा भाव तिसऱ्या हिश्श्यानं पडतो का?

नमस्कार. ठोसेघरच्या पुढं, चाळकेवाडी पठाराच्या कडेला आमची वाडी आहे. तिथलं वडिलांचं घर विकायला काढलंय. 6 गुंठे जागा, जांभ्याचं जोतं, वर कौलं, मागं फणस. आई आता साताऱ्यात माझ्याकडे असते. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय, म्हणून विकतोय, नाहीतर हात लावला नसता.

मार्चमध्ये पुण्याचं एक निवृत्त जोडपं आलं. घर पसंत पडलं, 24 लाखांना तोंडी ठरलं. इसार द्यायच्या आधी एक रात्र राहून बघतो म्हणाले आणि आले ते ऐन आषाढात. पठारावरचा आषाढातला वारा तिकडच्यांना सांगायला नको. रात्रभर पात्यांची घूं-घूं. सकाळी चहा घेताना काका म्हणाले, "पवनचक्कीजवळच्या घरांचे भाव जगात सगळीकडं पडतात. 16 देतो."

सगळ्यात जवळची पवनचक्की 400 मीटरवर आहे, नैऋत्येला. ती उभी राहिली तेव्हा मी शाळेत होते. मला काही लपवायचं नाही, त्यामुळं हेही सांगते. थंडीत काही आठवडे सूर्य कलताना पात्यांच्या मागं जातो आणि पात्याची सावली पडवीतून सरकत राहते. आई गहू निवडत बसलेली असायची. सुपावरून सावली गेली की दर वेळी तिचा हात थांबायचा. शेवटी सूप उचलून आत चुलीपाशी जायची. अर्ध्या तासात सगळं थांबतं, पण ते आहे.

8 लाख म्हणजे आईच्या ऑपरेशनचे पैसे. एवढा भाव खरंच पडतो का, की आमची अडचण ओळखून पाडून मागतायत? कुणी अशा घराचा व्यवहार केला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद 1
ताई, "जगात सगळीकडं" हे त्यांचं म्हणणं अर्धवट आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं 2013 मध्ये 9 राज्यांतले 50,000 हून जास्त व्यवहार तपासले, त्यात भाव पडल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. तिथल्याच संशोधकांच्या नंतरच्या कामात मात्र प्रकल्प जाहीर झाल्यावर एका मैलाच्या आतली घरं 11 टक्क्यांनी उतरलेली दिसली, तीही दाट वस्तीच्या भागात, आणि चक्क्या सुरू झाल्यावर 3 ते 5 वर्षांत भाव सावरले. इंग्लंड-वेल्समधल्या 2015 च्या अभ्यासात 2 किलोमीटरच्या आत, चक्की दिसत असेल तर, 5 ते 6 टक्के घट आहे. 33 टक्के यातल्या कशातच नाही.

अमेरिकेतल्या नंतरच्या कामावरून तरी भाव पडतो तो बहुतेक नवीन चक्कीच्या धास्तीनं असं दिसतं. तुमची 20 वर्षांहून जुनी आहे. ती धरूनच वाडीतले भाव ठरलेत. पण 400 मीटर हे अंतर फारच कमी आहे, हे आकडे त्याहून लांबच्या घरांचेही आहेत. त्यामुळं थोडी सूट मागणं मला गैर वाटत नाही.

प्रतिसाद 2
मी कवठे महांकाळ तालुक्यातला, ढालगावकडचा. आमच्याकडंही चक्क्याच चक्क्या. परदेशातले आकडे बाजूला ठेवा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, त्यात तुमच्या आणि शेजारच्या गावातल्या गेल्या चार-पाच वर्षांच्या सूची क्र. 2, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांचे गोषवारे, बघा. चक्कीजवळच्या गटांचे गुंठ्याचे दर एका बाजूला, लांबच्यांचे दुसऱ्या बाजूला लिहा. भाव पडलाय की नाही ते तिथंच कळेल. रेडीरेकनरवर, म्हणजे सरकारी दरपत्रकावर, जाऊ नका, चक्की कुठं आहे हे त्याला ठाऊक नसतं.

आणखी एक. जुन्या लहान चक्क्या काढून त्यांच्या जागी मोठ्या बसवायचं केंद्राचं धोरण आहे. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजाच्या कारणानं राहत्या घरापासून 500 मीटर अंतर सांगितलंय. तुमच्या बाजूला असं काही येणार आहे का, ग्रामपंचायतीत ठराव मागितलाय का, हे आधीच विचारून ठेवा. घेणारा तेच विचारणार. सातबाऱ्यावर इतर हक्कांत रस्त्याची किंवा तारांची नोंद आहे का तेही बघा.

आणि चक्क्यांसाठी पठारावर रस्ते झाले, हेही बोलून दाखवा. त्या रस्त्यानंच पुण्याची गाडी दारात आली ना?

प्रतिसाद 3
कोकण बाजूला उतार असलेल्या पठारावर पावसाळ्यातच वारा जास्त. त्यांनी सगळ्यात वाईट रात्र बघितली. आता चांगली रात्रही बघू द्या.

मूळ लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ई-सर्चवर बसले. शेजारच्या वाडीतले 3 व्यवहार मिळाले, त्यातला एक चक्कीच्या अगदी बुडाशी आहे आणि गुंठ्यामागं दर बाकीच्या दोघांइतकाच आहे. तीनच आहेत, त्यामुळं त्यावर फार भार टाकत नाही. रस्त्याची गोष्ट मला सुचलीच नव्हती. वडील ठोसेघरपर्यंत चालत जायचे.

काकांना फोन केला. म्हटलं, दिवाळीनंतर दोन दिवस राहायला या, संध्याकाळी पडवीत बसून सावलीही बघा, 22 च्या खाली मात्र मला परवडणार नाही. येतो म्हणालेत. डॉक्टरांनी डिसेंबरची तारीख दिलीय. तोवर ठोसेघर-चाळकेवाडी भागातला गेल्या पाच वर्षांतला एखादा व्यवहार कुणाला माहीत असेल तर अंतर आणि गुंठ्याचा दर एवढं इथं लिहा, मी आणखी शोधतेच आहे.