वर्षभरातला एकच दिवस सांगा

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवताना दर वर्षी माझा अर्धा तास जातो. पाठीमागे दुधाचे खाडे, पुढच्या चौकोनांत ‘सिलेंडर लावला’, ‘बाबा – डावा डोळा’, ‘नाटक, ८.३०’. २०२५चं उतरवताना वाटलं, तुम्हालाही विचारावं. किती ठिकाणं झाली, किती पुस्तकं वाचली, ती यादी नको. एखादी मैफल, प्रवास, घरातला प्रसंग. एकच दिवस, पण नीट सांगा. सुरुवात मीच करते.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं. मार्चमध्ये आम्ही तंजावरला गेलो, कारण ‘नव्या डोळ्याने आधी बृहदीश्वर बघायचा’ हा त्यांचा हट्ट. शिखर बघून झालं, नंदी झाला. मग ते प्राकाराच्या भिंतीपाशी जे थांबले ते हलेचनात. तिथे दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. भर दुपार, पाय अनवाणी, फरशी तव्यासारखी. बाबा एकदा हा पाय उचलायचे, एकदा तो, आणि भिंतीवर बोट न टेकवता हवेतच ओळीवरून फिरवत मोठ्याने वाचायचे. मध्येच एखादा शब्द अडला की मागची ओळ परत पहिल्यापासून. एक तमिळ आजोबा शेजारी येऊन उभे राहिले आणि काही न कळता ऐकत राहिले. “अगं, लागतंय!” बाबा मला ओरडून म्हणाले. अक्षर लागतंय की डोळा, ते मी विचारलं नाही. रात्री लॉजवर तळव्यांना खोबरेल चोळताना म्हणाले, उद्या सकाळी लवकर जाऊ, बरंच राहिलंय. गेलो.

*

मी बोरिवलीची, माहेर कुडाळजवळ. जानेवारीत गावच्या जत्रेला लेकाला घेऊन गेले. वय चौदा, मान कायम मोबाइलात. मामीने आधीच दम दिला, “झोपलंस तर संकासुर चुकतलो हां!” दशावतार सुरू व्हायच्या आधी हा पोरगा गेला देवळामागे, जिथे मंडळी रंगायला बसली होती. राणीचं काम करणारे काका मांडी घालून, एका हातात आरसा धरून स्वतःच्याच भुवया काढत होते. नेसण अर्धीच झालेली, बाजूला चहाचा कप. लेकाने विचारलं, डायलॉग पाठ झाले का? काका हसले. “पाठ कसले रे? गोष्ट ठावक असा, बाकीचा थयच सुचता.” हे त्याला भलतंच लागलं. शाळेत स्नेहसंमेलनात चार वाक्यं विसरून रडलेला मुलगा तो. पहाटेपर्यंत टक्क जागा होता. संकासुर नाचत प्रेक्षकांत घुसला तेव्हा मात्र माझ्या पाठीमागे लपला, हे त्याला न विचारता इथे लिहितेय.

*

जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले बारा किल्ले आले आणि आमच्या घरच्या ग्रुपवर ठराव पास झाला की बाराच्या बारा करायचे. झाले दोन, लोहगड आणि शिवनेरी. खांदेरीला होडीने जावं लागतं आणि बायकोला होडी लागते. जिंजी तमिळनाडूत आहे हे मेहुण्याला ठरावानंतर कळलं. लोहगडावर एवढी गर्दी होती की विंचूकाटा माची लांबूनच बघितली. भजी चांगली होती.

*

वय एकोणसाठ. पेन्शन सुरू झाल्यावर गाणं शिकायला लागले आणि यंदा गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा दिली. केंद्रावर माझ्याबरोबर सगळी फ्रॉक आणि दोन वेण्या. परीक्षक बाई मला पालक समजून “बाहेर थांबा” म्हणाल्या. मी हॉलतिकीट दाखवलं. दुर्गा राग गायला सांगितला, आणि घाबरून मी चक्क गंधार लावला. बाईंनी फक्त वर बघितलं. बाहेर आल्यावर दारापाशी कान लावून बसलेली एक चिमुरडी माझ्या कानात म्हणाली, “आजी, दुर्गात ग नसतो.” मी म्हटलं, माहितीये गं. “नी पण नसतो,” ती म्हणाली, खात्री करून घ्यायला. पास झाले. तिला किती मिळाले ते कळलं नाही, पण माझ्यापेक्षा जास्तच असणार.

*

आम्ही कुठेच गेलो नाही. ऑगस्टमध्ये मुलगी झाली. तेव्हापासून झोप नाही, एवढंच सांगायचं होतं.

*

वरच्या ताईंना शुभेच्छा, दुपटी पुरेशी आहेत ना?

विचारते कारण माझं वर्ष एका गोधडीत गेलं. आई मागच्या दिवाळीनंतर गेली. साताऱ्याचं घर आवरताना ट्रंकेत तिची अर्धी गोधडी निघाली. आजीची दोन लुगडी, बाबांचं धोतर, माझा कॉलेजातला पंजाबी ड्रेस. गोधडी कडेने शिवत शिवत आत यायचं असतं, त्यामुळे मधला चौकोन तेवढा कोरा राहिला होता. मी ती मस्कतला घेऊन आले. आईचा टाका तांदळाएवढा. माझा पहिल्या दिवशी शेंगदाण्याएवढा, पुढे पुढे गव्हाएवढा. काकूला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, “दोरा ओढू नकोस एवढा, कापड चुण्या धरतंय बघ.” रोज रात्री भांडी झाली की अर्धा तास. ऑक्टोबरात संपली.

आता ती धाकट्याने बळकावलीय. मधल्या चौकोनात त्याच्या पायाचा अंगठा रोज अडकतो, टाके लांब आहेत ना. तेवढं उसवून परत घालायचंय. मे महिन्यात सातारला गेले की काकूसमोर बसूनच घालेन.