अकरा महिने कधीच संपलेत. आता घर सोडतोय तर मालक म्हणतात दोन महिन्यांची नोटीस द्या

शिफ्टवाला:

मी मूळचा कराडकडचा. लोटे एमआयडीसीत केमिकल प्लांटला शिफ्टमध्ये आहे. चिपळूणला दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. भाडं ७,५००, डिपॉझिट ३०,०००. करार ११ महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेला. रजिस्ट्रेशन नाही. तो मार्चमध्ये संपला. नवीन करायचं विचारलं तर मालक म्हणाले, "कशाला उगाच खर्च, तुम्ही घरातलेच." मालक डोंबिवलीला असतात. मी दर महिन्याच्या पाच तारखेला गूगल पे करतो, त्यांचा नमस्काराचा हात येतो. कधी तक्रार नाही.

आता महाडला नोकरी लागलीय. जुलैअखेर खोली सोडतो म्हणून ३ तारखेला फोन केला. काका एकदम बदलले. म्हणे करारात दोन महिन्यांची नोटीस आहे, म्हणजे दोन भाडी कापणार, १५,०००. रंगाचे १२,०००. खिडकीचं ग्रील गंजलंय त्याचे ३,०००. बेरीज करून बघा, बरोब्बर ३०,०००.

भिंतीचं सांगतो. पश्चिमेची भिंत, पावसाची झड थेट तिच्यावर. गुडघाभर उंचीपर्यंत पोपडे सुटलेत, हात लावला की चुना भुगा होऊन खाली. मी राहायला आलो तेव्हाही होते, आल्या दिवशीचे फोटो आहेत. शिवाय दाराच्या चौकटीच्या वर हातभर अजून २०२१ च्या पुराची रेघ रंगाखालून दिसते. ती पण माझ्याच नावावर का?

करारातलं वाक्य जसंच्या तसं: "मुदत संपण्यापूर्वी जागा सोडावयाची झाल्यास दोन महिने अगोदर लेखी कळवावे." मी काय करू? वाद नको, पण ३०,००० म्हणजे माझा सव्वा महिन्याचा पगार.

नारळफोड्या:

भावा, पाच तारखेला पाठवलंस का भाडं? नसशील तर आता पाठवूच नकोस. "डिपॉझिटमधून वळते करा" असा मेसेज टाक. उरलेले २२,५०० बुडाले असं समज आणि सुटून जा. मी तसंच केलं.

दस्तवाला:

वरचा सल्ला ऐकू नका. भाडं थकवलंत की आतापर्यंत तुमच्या बाजूनं असलेला कागद त्यांच्या बाजूनं बोलायला लागतो. मी रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर बसून बरीच वर्षं दस्त लिहिले, त्यामुळे जरा लांबण लावतो.

११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे निम्म्या महाराष्ट्राला वाटतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून हे ११ आले. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ५५ म्हणतं की लीव्ह अँड लायसन्स (जागा वापरायचा नुसता परवाना) असो की भाडेपट्टा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मुख्य म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरायचं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. या शेवटच्या अर्ध्या वाक्याकडे लक्ष ठेवा. तुमच्या सहीचा नोटरी कागद त्यांच्याकडे आहे, तो ते पुढे करणारच. (हा कायदा त्याच्या परिशिष्टात नाव असलेल्या गावांनाच लागू होतो. तेव्हा आपली खोली त्या हद्दीत येते का हे आधी विचारून घ्या.)

पण तो कागद पुढे आला तरी तुमचंच भलं आहे. अट वाचा की. "मुदत संपण्यापूर्वी." मुदत मार्चमध्ये संपली. मुदतीनंतर मालक भाडं घेत राहिला, की तुम्ही त्यांच्या संमतीनं महिन्या-महिन्यानं राहताय. भाडेपट्टा मानला तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस पुरते. तुमच्या करारावर "लीव्ह अँड लायसन्स" लिहिलंय का? तसं असेल तर तो भाडेपट्टा नाही, नुसता परवाना, आणि ते कलम जसंच्या तसं लावता येत नाही. पण परवानेदाराला मुदतीनंतरही बांधून ठेवायचा अधिकार मालकाला त्यानं मिळत नाही. दोन्हीकडून सुरक्षित राहायचं तर १५ दिवस शिल्लक असतानाच लेखी कळवा. फोन कोण ऐकतं? व्हॉट्सअॅप करा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टानं चिठ्ठी, पोच जपून ठेवा.

दुसरी बाजूही ऐका. परवाना संपूनही परवानेदार हलत नसेल तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये परवाना शुल्काच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई आहे. आजवर तुमच्यावर ते येत नाही, कारण काकांनी दर महिन्याला नमस्कार केलाय. पण ३१ तारीख लिहून दिलीत तर १ ऑगस्टला एक बादलीही आत ठेवू नका.

भिंतीचं: त्याच १८८२ च्या कायद्यात कलम १०८ आहे. जागा घेतली तशी परत करायची, पण नेहमीच्या वापरातली झीज आणि माणसाच्या हातात नसलेली आपत्ती वगळून. परवाना असला तरी हिशेब ह्याच रीतीनं चालतो. पुराची रेघ म्हणजे अगदी पुस्तकातलं उदाहरण झालं. अमुक नुकसान तुमच्यामुळे झालं हे दाखवायचं काम त्यांचं. त्यांना बिल मागा, तोंडी आकडा घेऊ नका.

आणि किल्ली हातात देताना ताबा पावती. वहीच्या पानावर का असेना: तारीख, वेळ, "जागेचा रिकामा ताबा मिळाला", सही. पावतीशिवाय किल्ली शेजाऱ्याकडे टाकून गेलेल्यांचे हाल मी पाहिलेत. दोन महिन्यांनी मालक म्हणतो तुम्ही अजून सोडलीच नाहीत.

वाशिष्ठीकाठ:

मी मालकीण आहे, त्यामुळे चार शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते. सगळ्या मालकांना एका मापात घालू नका. गेल्या वर्षी माझा भाडेकरू महावितरणचं साडेतीन हजारांचं बिल ठेवून रातोरात गेला. ओट्याच्या फरशीवर तेलाचा असा थर की खरवडायला बाई लावली. अशा ठिकाणी डिपॉझिट कापलं तर काय चुकलं? म्हणून शिफ्टवाले दादा, आधी ओटा घासा, मीटरचा फोटो काढा, शेवटचं बिल भरा. मग बोला ताठ मानेनं.

रंगाचं मात्र मला हसू आलं. अहो, गणपती तोंडावर आलेत! आमच्याकडे चाकरमानी यायच्या आधी घराला रंग लागतोच, कोणी राहत असो वा नसो. तुमच्या काकांच्या वर्षाच्या खर्चाची वर्गणी ते तुमच्याकडून काढतायत.

माडाचीसावली:

ग्रीलचे ३,०००! आमच्या मालवणात खाऱ्या वाऱ्यान लोखंडाक गंज येता, तेका भाडेकरू काय करतलो? बिल दी म्हणून सांग, गप बसतलो तो.

शिफ्टवाला:

सगळ्यांचे आभार. वहिनी, ओटा घासला. खरंच काळा होता.

भाडं ५ तारखेलाच दिलं होतं, तेव्हा नारळफोड्याभाऊंचा मार्ग बंद. आमच्या कागदावर "लीव्ह अँड लायसन्स" असंच आहे. खोली नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. १० तारखेला व्हॉट्सअॅप आणि स्पीड पोस्ट दोन्ही केलं. दस्तवाले काका, तुमच्या सांगण्यावरून करारातलं ते वाक्य वर टाकलं, खाली फक्त एवढंच: ३१ जुलैला दुपारी १२ वाजता ताबा देतो, रंग आणि ग्रीलची बिलं दाखवावीत, उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी मिळावं.

दोन दिवस निळी टिक आणि उत्तर नाही. मग फोन आला. "आमच्याकडे अशी नोटीस कोणी देत नाही हो." मी म्हटलं, काका, तुम्हीच नोटीस मागितलीत ना.

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, नोटीसचं राहू दे, ग्रीलचंही राहू दे, पण रंगाचे निम्मे तरी. मी आल्या दिवशीचे भिंतीचे फोटो पाठवले, पोपड्यांसकट. आता ते म्हणतात गणपतीला गावी येईन तेव्हा हिशेब करू.

दस्तवाले काका, ३१ ला ते आले नाहीत तर ताबा कुणाला द्यायचा? पुतण्या बाजूच्याच वाडीत राहतो, पण त्याची सही चालेल का?

दस्तवाला:

मालकाकडून "माझ्या वतीनं पुतण्या ताबा घेईल" असा एक मेसेज मागवा, तो आला की चालेल. नाहीच आला तर ३१ ला रिकाम्या खोलीचा व्हिडिओ, दोन शेजाऱ्यांच्या सह्या, मग किल्ली कुरियरनं डोंबिवलीला. डिपॉझिटच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. तेव्हा गणपतीपर्यंत थांबलात तरी काही बुडत नाही, मात्र ताबा त्यांच्या सोयीसाठी गणपतीपर्यंत लांबवू नका.