विषय: चर्चमधला आधारगट आणि माझ्या भावाचा आजार

(सचिवांमार्फत, सभासदाच्या विनंतीवरून नाव न देता)

सप्रेम नमस्कार,

माझ्या धाकट्या भावाला गेल्या वर्षी बायपोलर डिसऑर्डरचे (उन्माद आणि खोल खिन्नता यांचे झटके येणाऱ्या मनोविकाराचे) निदान झाले. तो लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेतो, नोकरीही सांभाळतो, परंतु आजाराविषयी माझ्याशीसुद्धा बोलत नाही. आता इथे अमेरिकेत एका सहकाऱ्याने त्याला चर्चमध्ये दर गुरुवारी भरणाऱ्या ‘फ्रेश होप’ नावाच्या गटात येण्याचे सुचवले आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. पुण्याहून आईने विचारले की, तिथे औषधे बंद करायला तर सांगणार नाहीत ना? माझ्या यजमानांना धर्मांतराची शंका वाटते. कोणाला अशा गटाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.

*

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा अहमदनगरचा, तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती, आणि गेली अकरा वर्षे लिथियमवर आहे. यांपैकी लिथियमची गोष्ट आपल्या मंडळाच्या या ईमेल-यादीवर आज प्रथमच सांगत आहे.

आईंची शंका अनाठायी नाही. माझ्या निदानानंतरच्या पहिल्याच वर्षी ओळखीच्या एका प्रार्थनागटाने माझ्यासाठी तीन दिवसांचा उपवास आणि रात्रभराची प्रार्थना ठरवली, आणि मीही भाबडेपणाने दोन्ही पाळले. त्यांचा हेतू चांगला होता, पण जागरणाने उन्मादाचा झटका उफाळू शकतो हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. उपवासाचे तर त्याहून बिकट. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात, रक्तातली पातळी चढते, आणि गुण देणारी पातळी व विषबाधा करणारी पातळी यांत अंतर फार थोडे असते. चौथ्या दिवशी माझे हात इतके थरथरत होते की चहाचा कप धरवेना. तेव्हापासून एखादा गट किती भक्तिमान आहे यापेक्षा तिथे गोळ्यांविषयी काय बोलले जाते, हे मी आधी पाहतो.

‘फ्रेश होप’ची सुरुवात २००९ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरी ब्रॅड होफ्स या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) केली. ते स्वतः बायपोलरचे रुग्ण असल्यामुळे आजार म्हणजे विश्वासातली उणीव, हा आमच्याकडचा जुना समज तिथे चालत नाही. उपचार डॉक्टरांनी करायचे आणि गटाने सोबत करायची, अशी ही सरळ विभागणी आहे. रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही तिथे जागा असते, त्यामुळे तुम्हीही जाऊ शकाल. माझ्या पत्नीने वर्षानुवर्षे मनात ठेवलेल्या काही गोष्टी मी प्रथम अशाच एका बैठकीत ऐकल्या, आणि खरे सांगायचे तर त्या मला आवडल्या नाहीत.

श्रद्धेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. बायबलमधला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. बायबलातलेच अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्यात शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. मला अशा वचनांचा आधार वाटतो, कारण तिथे बरे वाटत असल्याचे सोंग करावे लागत नाही. इंग्लंडमधल्या ओल्नी गावी विल्यम कूपर हा कवी १७७३ मध्ये खोल विषादात बुडाला, तेव्हा धर्मगुरू जॉन न्यूटन यांनी त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. देवाने आपल्याला टाकले आहे ही कूपरची खात्री त्यामुळे गेली नाही, ती १८०० मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत टिकली. न्यूटन यांनी त्याला बरे केले नाही, सोबत मात्र केली.

यजमानांची शंकाही रास्त आहे. गटात प्रार्थना होते, येशूचे नाव घेतले जाते, आणि ते कोणी लपवत नाही. मी जातो त्या गटात कोणावर बाप्तिस्म्यासाठी दबाव आणलेला मी पाहिलेला नाही, परंतु प्रत्येक गटाची हमी मी कशी देऊ? भावाला प्रार्थनेच्या वेळी अवघडल्यासारखे झाले तर ‘डीबीएसए’ (डिप्रेशन अँड बायपोलर सपोर्ट अलायन्स) या संस्थेचे गट आहेत. ही संस्था १९८५ पासून शिकागोत आहे, तिच्या गटांना धर्माची चौकट नसते आणि काही गट ऑनलाइनही भरतात.

जाण्यापूर्वी गट चालवणाऱ्यांना फोन करून एवढेच विचारावे की, ‘मी गोळ्या सोडल्या’ असे कोणी बैठकीत म्हणाले तर तुम्ही काय करता? उत्तर केवळ ‘प्रार्थना करतो’ असे आले तर जाऊ नये. आणि जिवाला धोका वाटेल अशा वेळी गुरुवारची वाट न पाहता ९८८ हा अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीचा क्रमांक फिरवावा. तो रात्रंदिवस चालू असतो.

आपला,
एक सभासद

*

दादा,

तुमचे पत्र भावाला वाचून दाखवले. उपवासाच्या मजकुराशी त्याने मला थांबवले. तो श्रावणी सोमवार कडक पाळतो, पाणीसुद्धा संध्याकाळीच घेतो, आणि हे त्याने डॉक्टरांना कधी सांगितलेले नव्हते, मलाही ते सुचले नव्हते. उद्या सकाळी आम्ही दवाखान्यात फोन करणार आहोत. गटाचा फोन मात्र तो स्वतःच करणार म्हणतो. तुम्ही सुचवलेला प्रश्न त्याने कागदावर लिहून घेतला आहे.