रस्त्यावर माणसं मरतात ती संस्कृतीमुळे की व्यवस्थेमुळे?

बालाघाट (बीड):
गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने देशोदेशीच्या मूल्यांना गुण दिलेत. वरच्याचा वरचष्मा खालचे किती निमूट मान्य करतात, त्यात भारताला ७७, स्वीडनला ३१. माझ्या मते आपल्या रस्त्यांवरचे मृत्यू (२०२२ मध्ये देशात १,६८,४९१) इथूनच सुरू होतात. समोरून मोठी गाडी आली की दुचाकीने मातीत उतरायचं, हे लहान पोरालाही कळतं. पोलिसाने अडवलं तर लायसनच्या आधी मोबाईल निघतो: "जरा भाऊंशी बोला." आणि मयतीला आलेले म्हणतात, वेळ भरली होती. मग चूक कोणाची, हे विचारणंही वाईट दिसतं.

ऊसपट्टा (धाराशिव):
साफ अमान्य. १९७० साली जपानमध्ये रस्त्यावर १६,७६५ माणसं गेली, २०२३ मध्ये २,६७८. जपानी माणसाचे संस्कार बदलले का? फुटपाथ आले, सिग्नल आले, कायदा आला. हॉफस्टेडचंच घ्या. अनिश्चितता टाळण्याच्या वृत्तीत जपान ९२, स्वीडन २९. दोन टोकं, तरी रस्ते दोन्हीकडे सुरक्षित. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये धोरणच केलं की माणूस चुकणारच, पण चूक जिवावर बेतणार नाही असा रस्ता बांधा.

आता आपल्याकडे या. गाळप सुरू झालं की रात्री एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. मागे वाढं (उसाचे हिरवे शेंडे) लोंबत असतं, दिवा असलाच तर त्याखाली झाकलेला. समोरून कुणी अप्पर मारला की मागच्या मोटारसायकलवाल्याला नुसता अंधार, आणि ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला जागा नसते. यात कसली मूल्यं? टनावर पैसे मिळतात, उचल फेडायची असते, म्हणून रात्रीची खेप.

मास्तर_परभणी:
दादा, गरिबीने सगळं सुटत नाही. नवरा हेल्मेट घालून गाडी चालवतो, मागे एका अंगाला बसलेली बायको डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर लेकरू. कायद्याने तिलाही हेल्मेट हवं. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले, त्यात १४,३३७ मागे बसलेले होते. घरात ज्याचा मान, त्याचं डोकं झाकलेलं. हे सरकारने शिकवलं नाही.

जालना_रोड:
३ जून २०१४ ला मुंडे साहेब दिल्लीत अपघातात गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनीच तसं सांगितलं. अख्खा मराठवाडा रडला. तरी आजही मागे बसून पट्टा लावला की विचारतात, "आमच्या गाडीत भ्या वाटतं का?"

ऊसपट्टा (धाराशिव):
तोच माणूस पुढच्या सीटवर पट्टा लावतो, कारण गाडी टुंग टुंग करते. स्वभाव तोच आहे ना?

बालाघाट (बीड):
बरं, तुमच्या ट्रॉलीचंच बोलू. रिफ्लेक्टरची पट्टी काही सोन्याची नसते. ट्रॉली काट्यावर चढते तेव्हा कारखान्याची माणसं तिला रोज बघतात. पण चेअरमन म्हणजे आमदार, नाहीतर आमदाराचा माणूस. त्याला "दिवे लावून घ्या" म्हणायचं कुणी? हवालदाराने? मी ७७ म्हणतो ते हेच.

ऊसपट्टा (धाराशिव):
चेअरमनचं खरं आहे. पण मग बोल त्याला लावा, मयतीला आलेल्यांना कशाला? पट्टी नसलेल्या ट्रॉलीचं वजन करायचं नाही, एवढं कारखान्याने ठरवलं तर हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात फरक दिसेल. आणि पट्टी कारखान्याच्या खर्चाने. ड्रायव्हरच्या बिलातून कापायची नाही.