मूक मोर्चाला परवानगी नाही म्हणतायत, काय करायचं?

डोंगराकडचा:
नमस्कार, आमचा गोव्यातला गवळी धनगर समाज. २००३ ला गावडा, कुणबी, वेळीप यांना एसटीत (अनुसूचित जमातीत) घेतलं, आम्ही राहिलो ते अजून राहिलोच. त्यासाठी तालुक्याच्या बाजारातून मूक मोर्चा काढायचा ठरलंय, घोषणा नाही काही नाही, हातात फक्त बोर्ड. अर्ज घेऊन पोलिसांकडे गेलो तर तोंडीच सांगितलं की ट्रॅफिक होईल, पणजीला आझाद मैदानावर जाऊन बसा. आता सकाळ-संध्याकाळ म्हशींची धार काढायची असते, बायामाणसं पणजीला जाऊन परत कधी येणार? आणि त्याच रस्त्यावरून शिगम्याची मिरवणूक जाते, इलेक्शनच्या रॅली जातात, तेव्हा ट्रॅफिक कुठे जातं? वर एकजण म्हणाला, तुम्हा लोकांना सगळं फुकटच पाहिजे. आमची काकी शेजारीच उभी होती, फार लागलं तिला ते.

फोंडेकर वकील:
तोंडी नकार म्हणजे काहीच नाही. परत जा, अर्ज इनवर्ड करा (आवक नोंदीत घाला), कॉपीवर शिक्का घ्या, तारीख, वेळ, रूट, अंदाजे किती माणसं, स्वयंसेवकांचे फोन नंबर सगळं लिहा. नाकारलं तर कारण लेखी मागा. शांततेनं, शस्त्राशिवाय जमणं हा घटनेच्या कलम १९ मधला हक्क आहे, पोलीस वेळ किंवा रूट बदलून देऊ शकतात पण सरसकट नाही म्हणता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७२ लाच हिंमतलाल शहा केसमध्ये सांगितलंय. रॅलीला तोच रस्ता दिला असेल तर त्याचे फोटो, पेपरची कात्रणं जोडा, कलम १४ चा, म्हणजे समान वागणुकीचा मुद्दा तिथे येतो. लेखी नकार मिळाला की पर्वरीला हायकोर्टात जाता येतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून काकींनाच अर्जदार करा.

मडगावचो:
पण रस्ता अडला की लोकांचे हाल होतात हे पण खरं ना. मैदान असताना बाजारच कशाला?

केपेंकार:
@मडगावचो रस्त्यावर बेमुदत ठाण मांडणं वेगळं, तासाभरात बाजारातून निघून जाणारा मूक मोर्चा वेगळा. तुमच्याच मडगावात १८ जून १९४६ ला लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस उभे राहिले ते पोर्तुगीजांची सभाबंदी मोडायलाच ना? ज्यांच्या बाजारात दूध विकतो त्यांच्यासमोरच गाऱ्हाणं मांडायचं असतं, पणजीत कोण ओळखतं आम्हाला.
@डोंगराकडचा, एकच कळकळीनं सांगतो. २५ मे २०११ ला बाळ्ळीच्या आदिवासी हक्कांच्या आंदोलनात मंगेश गावकर आणि दिलीप वेळीप ही आमची दोन पोरं आगीत गेली. म्हणून स्वयंसेवक नीट नेमा, पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओ करा, कोणी बाहेरचा घुसून चिथवायला लागला तर तिथेच खाली बसा. आणि धीर सोडू नका, विधानसभेतल्या एसटी राखीव जागांचं बिल पण किती वर्षं रेटल्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत पास झालं.

डोंगराकडचा:
आभार सगळ्यांचे. काकी तयार आहे, अर्जावर पहिली सही तिचीच. सोमवारी इनवर्डला जातो, रूटचा नकाशा कोणी काढून देईल का?