प्रतिसाद: फोमखाली चांदीचं ड्रेसिंग

जखमेतले जंतू मारणारं चांदीचं ड्रेसिंग सात दिवस टिकतं, म्हणून त्यावरचा व्हॅक्यूमही (जखमेवर फोम बसवून पंपाने स्राव ओढून घेण्याची पद्धत) आठवडाभर उघडू नये, हे वर आलेलं मत मला धोक्याचं वाटतं. चांदी टिकेलही, पण फोम सहसा ४८ ते ७२ तासांत बदलावाच लागतो. नाहीतर नवी मांसवाढ त्याच्या छिद्रांत शिरते आणि काढताना रक्त येतं. रुग्णाला किती दुखतं ते वेगळंच.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. नॅनोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या) चांदीचं ड्रेसिंग सलाइनने भिजवू नका, निर्जंतुक पाणी घ्या. सलाइनमधल्या क्लोराइडशी चांदीचे आयन (विद्युतभारित कण) बांधले जातात आणि जंतूंवरचा असर कमी होतो. शिवाय हे ड्रेसिंग सच्छिद्र हवं, स्राव अडला तर पंपाच्या १२५ मिमी पाऱ्याच्या ऋण दाबाचाही उपयोग नाही. आणि मृत ऊती आधी काढायलाच हव्यात, चांदी ते काम करत नाही.