आल्कालाला जायलाच हवं
स्पेनच्या राजधानीभोवतीची, म्हणजे माद्रिदभोवतीची शहरं म्हणजे नोकरदारांच्या नुसत्या इमारती, असं काही जण म्हणतात. त्यातल्याच आल्काला दे एनारेस या शहराबद्दल तरी मला हे अजिबात पटत नाही. माद्रिदच्या आतोचा स्टेशनहून लोकलने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. स्टेशनबाहेर साध्याच इमारती दिसतील, पण तेवढ्यावरून परत फिरू नका. थोडं चाललात की जुनं शहर लागतं. ‘दोन किहोते’ लिहिणाऱ्या सर्वांतेसचा जन्म इथला, विद्यापीठ १४९९ सालचं, आणि १९९८ पासून जागतिक वारसा यादीत नाव. काये मायोर या मुख्य रस्त्यावर खांबांच्या ओळीतून चालताना अधूनमधून वर बघा: चर्चच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची काटक्यांची भलीमोठी घरटी आहेत, आणि त्यांच्या चोचींचा खडखडाट थेट रस्त्यापर्यंत ऐकू येतो! बऱ्याच बारमध्ये पेयाबरोबर तापा, म्हणजे छोटासा खाऊ, फुकट देतात, त्यामुळे भूक ठेवूनच जा. सोमवार मात्र टाळा, सर्वांतेसचं जन्मघर (आता संग्रहालय) बंद असतं.